कापसाच्या खोलीतला संगणक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

होळी झाली की या सदराकडे संगणकाच्या तक्रारी वाढू लागतात. ऊन तापते, दुपारी मशीन आपोआप बंद पडते, वळवाच्या आधी विजेचे जाणे-येणे सुरू होते आणि पडद्यावर कधी न पाहिलेले संदेश दिसू लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रातली अडचण मला आपल्या भागातल्या अनेक घरांत दिसते आणि तिच्यावर सांगितला जाणारा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

प्रश्न : मुलाच्या शिक्षणासाठी ६ वर्षांपूर्वी डेस्कटॉप घेतला होता. आता सूनबाई त्यावर गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात. भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून कापूस त्याच खोलीत भरून ठेवला आहे. गेले २ महिने मशीन सुरू व्हायला १० मिनिटे लागतात, आवाज फार येतो आणि दुपारी ते आपोआप बंद होते. तालुक्याच्या दुकानदाराने फॉरमॅट मारावे लागेल असे सांगितले आहे. मारावे का?
— एक शेतकरी, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : इतक्यात फॉरमॅट मारू नका, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवू नका. तुमच्या पत्रातच रोगाचे निदान आहे, आणि ते ‘कापूस त्याच खोलीत’ या शब्दांत आहे.

ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, त्यात खरा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप, काड्यापेटीपेक्षा फार मोठा नसतो. तो काम करताना तापतो, म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा आणि त्या ठोकळ्यावर पंखा बसवलेला असतो. पंखा खोलीतली हवा ओढतो आणि पात्यांच्या फटींतून पुढे ढकलतो. हवेत कापसाचे तंतू असतील तर तेही ओढले जातात, फटींच्या तोंडाशी अडकतात आणि त्यांवर धूळ बसत जाते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका घरातले कॅबिनेट उघडले होते. वरून पंखा चांगला फिरताना दिसत होता, परंतु तो काढल्यावर खाली राखाडी रंगाचा एक जाड थर होता आणि चिमटीत धरून ओढला तेव्हा तो घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग निघून आला. त्या थराखाली ॲल्युमिनियमची पाती नव्यासारखी चकचकीत होती. कित्येक महिने हवा तिथपर्यंत पोहोचलीच नव्हती.

प्रोसेसरचे तापमान ९० ते १०० अंशांच्या घरात गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान उतरले नाही तर मशीन बंद पाडतो. सकाळी खोली २८ अंशांवर असते तेव्हा निभावून जाते. दुपारी टिनाच्या छपराखाली तीच खोली ४२ अंशांवर गेली की निभावत नाही. मशीन दुपारीच का बंद पडते, याचे उत्तर हे आहे. फॉरमॅटने यातला एकही तंतू हलणार नाही.

साफसफाई घरी करता येते, मात्र घाई करू नका. मशीन बंद करून पिन बोर्डातून काढा आणि त्यानंतर सुरू करण्याचे बटण ८–१० सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला विजेचा अंश निघून जाईल. डबा ओसरीत न्या, मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा आणि रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने पंखा व पाती मोकळी करा. ब्लोअर मिळाला तर उत्तम. पण हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, कारण तो भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. तोंडाने फुंकू नका, त्यात ओल असते. ओले फडकेही वापरू नका. ज्या चौकोनी पेटीत विजेची मुख्य वायर जाते तो एसएमपीएस कधीही उघडू नका. पिन काढल्यानंतरही त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर धक्का देऊ शकतात. तो बाहेरूनच जाळीवर ब्रश फिरवून स्वच्छ करावा. ॲल्युमिनियमचा ठोकळा प्रोसेसरवरून उचलला गेलाच, तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट (उष्णता ठोकळ्याकडे नेणारी) लावल्याशिवाय तो परत बसवू नये. हे काम जमत नसेल तर तेवढ्यापुरते दुकानात जा, परंतु काय करून हवे आहे ते तुम्ही सांगा.

कापूस विकला जाईपर्यंत संगणक दुसऱ्या खोलीत हलवा. ते शक्य नसेल तर डबा जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि महिन्यातून एकदा ब्रश फिरवा. भरतकाम केलेले आच्छादन मशीन बंद असतानाच घालावे. चालू मशीनवर ते घातले की आपण आपल्या हाताने वारा अडवतो. कूलरचा झोत थेट डब्यावर येऊ देऊ नका. त्या हवेतली ओल आत बसलेल्या धुळीला चिखलासारखी चिकटवते आणि पुढे रॅमच्या (चालू कामापुरत्या स्मृतीच्या) पट्टीचे सोनेरी टोक काळवंडते. डब्याच्या मागच्या बाजूला एखादी पट्टी निघालेली असेल तर ती फट झाकून घ्या. थंडीत उंदीर उबेसाठी तेथूनच आत शिरतात आणि वायरी कुरतडतात.

आता सुरू व्हायला लागणाऱ्या १० मिनिटांविषयी. त्यात उष्णतेखेरीज आणखी दोन-तीन कारणे मिसळलेली असतात. ‘धिस पीसी’ उघडून सी ड्राइव्हची, म्हणजे विंडोज असलेल्या भागाची, पट्टी पाहा. ती लाल झाली असेल तर विंडोजला कामासाठी जागाच उरलेली नाही. एकूण जागेच्या पाचव्या हिश्शाइतकी तरी जागा मोकळी असावी. सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’ विभागात ‘टेम्पररी फाइल्स’ पुसण्याची सोय आहे, ती महिन्यातून एकदा वापरा. मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते. त्यावर खूण करण्याआधी ते फोल्डर उघडून पाहा, कारण सूनबाईंनी उतरवून घेतलेले सातबारे आणि अर्जांच्या पावत्या बहुधा तिथेच असतील. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप’ या भागात मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम पाहा. ज्यांची ओळख आहे आणि जे रोज लागत नाहीत ते बंद करा. ज्याचे काम माहीत नाही, त्याला हात लावू नका.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर मशीन पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही; पुढच्या वेळी लवकर उघडावे म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवते आणि तीच परत उचलते. म्हणून रोज रात्री बंद केलेल्या मशीनमध्येही आठवड्याभरापूर्वीची गडबड टिकून राहू शकते. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. तेव्हा मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते.

एवढे करूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’च्या रकान्यात सतत १०० टक्के दिसत असेल आणि डब्यातून कट्‌कट् असा आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क शेवटच्या टप्प्यात आहे असे समजा. अशा वेळी डिफ्रॅगमेंट (विखुरलेल्या फाइल्स सलग लावणे), तपासणी, स्कॅन यांपैकी काहीही चालवू नका. आधी कागदपत्रे, फोटो आणि अर्जांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवून घ्या. ६ वर्षांच्या मशीनचा वेग इतका वाढवणारा दुसरा खर्च नाही. एसएसडीला डिफ्रॅगमेंटची गरज नसते, तिची देखभाल विंडोज स्वतःच करते.

कधी काळी फॉरमॅट मारायची वेळ आलीच, तर हे लक्षात ठेवा की ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ ही दोन्ही फोल्डरे सहसा सी ड्राइव्हवरच असतात आणि फॉरमॅटमध्ये तीच पुसली जातात. ‘पडद्यावर ठेवले होते, म्हणजे सुरक्षित आहे’ असे समजून लोक दुकानात जातात. माझ्या घरी वडिलांच्या हातच्या शेतीच्या नोंदवहीची स्कॅन केलेली पाने अशीच गेली. मूळ वही तोवर वाळवीने खाल्ली होती. त्या दिवसापासून महत्त्वाच्या प्रत्येक फाइलच्या मी ३ प्रती ठेवतो : एक मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत ठेवायला गूगल खात्याबरोबर मिळणारी १५ जीबीची मोफत जागा कागदपत्रांसाठी पुरेशी आहे.

प्रश्न : संगणकाची तारीख रोज सकाळी बदललेली असते, कधी २०१५ दाखवतो. कोणतेही संकेतस्थळ उघडले की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा संदेश येतो. व्हायरस आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : व्हायरस नाही, बाई. तुमच्या मदरबोर्डवरचा, म्हणजे डब्यातल्या मुख्य पट्टीवरचा, घड्याळाचा सेल संपला आहे. तो रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, ३ व्होल्टचा असतो आणि त्यावर सीआर २०३२ असा क्रमांक असतो. मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडेही तो मिळतो. मशीनची पिन काढून जुना सेल बाजूची खिटी दाबून सोडवावा आणि नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा, त्यानंतर तारीख व वेळ एकदा नीट लावावी.

संकेतस्थळे का अडतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते आणि तुमचा संगणक ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१५ सालात असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरू न झालेले वाटते, म्हणून तो दार उघडत नाही. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ असे बटण दाबण्याची सवय लावून घेऊ नका. बँकेच्या बाबतीत ती महाग पडेल.

आपल्याकडे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची पद्धत आहे. त्यामुळे हा सेल थोडा लवकर उतरतो, हे खरे. तरीही ती पद्धत सोडू नका. सेल स्वस्त आहे, मशीन नाही.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह बाजारच्या गावातल्या दुकानात दिला. घरी आल्यावर सगळी फोल्डरे शॉर्टकट झालेली दिसली. माझे काम गेले का?
— एक विद्यार्थिनी, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : काम बहुधा गेलेले नाही, ते लपवले गेले आहे. या प्रकारचा व्हायरस खरी फोल्डरे अदृश्य करतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. तुम्ही त्यावर दोनदा क्लिक केले की फोल्डर तर उघडते, पण त्याच वेळी व्हायरस तुमच्या मशीनमध्ये उतरतो. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे त्या शॉर्टकटांवर क्लिक करणे थांबवा. विंडोजबरोबरच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस अद्ययावत करून आधी संपूर्ण मशीन तपासा, नंतर पेन ड्राइव्हवर उजवे क्लिक करून तोही तपासा. आधी पेन ड्राइव्ह साफ केला आणि मशीन तसेच ठेवले, तर तो लावताक्षणी पुन्हा बाधित होईल.

मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हिडन’ फाइल्स दाखवण्याची खूण करा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ यावरची खूण तात्पुरती काढा. खरी फोल्डरे फिकट रंगात दिसू लागतील. त्यातले फक्त आपले काम मशीनमध्ये उतरवा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली खूण परत लावा. पुढच्या वेळी प्रकल्पाची पीडीएफ तयार करून दुकानाच्या ईमेलवर पाठवा. पेन ड्राइव्ह द्यायचाच असेल तर त्यात त्या एका फाइलखेरीज काही नसावे, म्हणजे घरी येऊन तो पुसताना जीव तुटणार नाही.

प्रश्न : मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवतो. अपडेटमध्ये दिवसाचा डेटा संपत असे, म्हणून ओळखीच्या मुलाकडून अपडेट कायमचे बंद करून घेतले. मशीन विंडोज १० चे आहे. आता त्याचे अपडेट तसेही थांबले असे ऐकतो. काही करायला हवे का?
— एक वाचक, मंगरूळपीर तालुका, जि. वाशीम

उत्तर : हो, आणि लवकर करायला हवे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे आणि ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’ या पानावर तिच्यात नाव नोंदवण्याचा दुवा दिसतो. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. तुमचे अपडेट बंद असल्याने आधी ते पूर्ववत सुरू करून मशीन त्या आवृत्तीपर्यंत आणावे लागेल. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. मशीन त्याहून जुने असेल आणि वापर केवळ ब्राउझर व टायपिंगपुरता असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवून घेण्याचा विचार करा. ते मोफत आहे, जुन्या मशीनवर हलके चालते आणि त्यात मराठी टायपिंगची सोय आहे.

डेटाची तुमची अडचण खरी आहे, आणि ती अपडेट कायमचे बंद न करताही सुटते. हॉटस्पॉटचे नाव निवडून त्याच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजका डेटा असलेली जोडणी) सुरू करा. मग विंडोज मोठी अपडेट बहुतांशी तुम्हाला न विचारता उतरवत नाही. मायक्रोसॉफ्ट आपली मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. त्या आठवड्यातल्या एखाद्या सुटीच्या दिवशी, सकाळी लाइन नक्की असते अशा वेळी, मीटर्डची खूण काढा, अपडेट पूर्ण उतरू द्या, रीस्टार्ट करा आणि खूण परत लावा. महिन्यातला एक दिवस यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : मशीन हळू झाले म्हणून दोन अँटिव्हायरस आणि एक रजिस्ट्री क्लीनर टाकला. आणखी हळू झाले.
— एक दुकानदार, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : तिन्ही काढून टाका. दोन अँटिव्हायरस प्रत्येक फाइल दोनदा तपासतात आणि एकमेकांवरही संशय घेतात; विंडोज १० व ११ मधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी पुसणारा प्रोग्रॅम, वापरू नये, असे मायक्रोसॉफ्टचेही म्हणणे आहे. त्याने वाचवलेली जागा नगण्य असते आणि एखादी उपयोगी नोंद पुसली गेली तर मशीन उघडतही नाही. ‘तुमच्या संगणकात शेकडो चुका सापडल्या’ असे सांगून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमवर कधीही विश्वास ठेवू नका. विंडोजची चोरटी प्रत चालू करून देणाऱ्या ‘ॲक्टिव्हेटर’बाबतही हेच सांगेन, त्यांच्यासोबत अनेकदा व्हायरस येतो.

प्रश्न : ३ वर्षांपूर्वी ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. आता वीज जाताच संगणकही जातो. सुरू करताना निळा पडदा येतो, कधी ‘डिस्क तपासत आहे’ असे दिसते. पावसाळ्याआधी काय करावे?
— एक वाचक, बाळापूर तालुका, जि. अकोला

उत्तर : यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण २ ते ३ वर्षे टिकते आणि अकोल्याच्या उन्हात त्याहूनही कमी. यूपीएस चांगला असतो, केवळ बॅटरी बदलावी लागते. नवी बॅटरी तुम्हाला १०–१५ मिनिटे देईल. ती काम पुढे रेटायला नसून फाइल साठवून मशीन नीट बंद करायला आहेत. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका, तापताना तो एकदम फार वीज ओढतो.

तुमचा निळा पडदा, म्हणजे विंडोज अडल्याचा संदेश, बहुधा याच धक्क्यांतून आला आहे. डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते, आणि ती विंडोजची स्वतःची असेल तर चुका सुरू होतात. बॅटरी बदलल्यावर, आणि महत्त्वाच्या फाइल्स बाहेर उतरवून घेतल्यावर, ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एसएफसी, एक मोकळी जागा, तिरपी रेघ व त्याला लागून स्कॅननाउ (sfc /scannow) असे लिहून एंटर दाबा. विंडोज आपल्या बिघडलेल्या फाइल्स शोधून त्या जागी चांगल्या प्रती ठेवते. ‘डिस्क तपासत आहे’ असा पडदा आला तर मध्येच बटण दाबून बंद करू नका, वेळ लागला तरी लागू द्या.

घराचे अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळून भेगाळते आणि अर्थिंग नावापुरते उरते; कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते त्याचेच लक्षण असू शकते. खड्ड्यात दर काही दिवसांनी पाणी ओतावे.

वीज कडाडू लागली की यूपीएसवर विसंबून राहू नका, त्याने वीज पडण्यापासून बचाव होत नाही. पिन बोर्डातून ओढून काढा आणि इंटरनेटची तांब्याची वायर घरात येत असेल तर तीही सोडवा, कारण अनेक मशीन त्या वायरीच्या वाटेने जळतात. वादळानंतर लाइन परत आली म्हणजे लगेच संगणक लावू नका. पहिली काही मिनिटे दाब वरखाली होत असतो. घरातला पंखा एका गतीने फिरू लागेपर्यंत थांबा आणि मग पिन लावा.